शमीवरील शस्त्रे

म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली दसऱ्याची जंबू सवारी सुमारे पाच किलोमीटरांची वाट चालून ज्या ठिकाणी विसावते, त्या ठिकाणाचे नाव बन्नीमंटप. 'बन्नी' हे शमीचे कन्नड नाव. महाराष्ट्रात आपण आपट्याची पाने सोने म्हणून लुटतो. येथे मान शमीचा. १६१० मध्ये राजा वडेयर यांनी श्रीरंगपट्टणात विजयनगरच्या धर्तीवर हा उत्सव सुरू केला. पुढे राजधानी म्हैसुरास आली, तेव्हा राजा अंबारीत बसून बन्नीमंटपास येई आणि शमीची पूजा करी. १९७१ मध्ये संस्थानिकांची मान्यता व तनखे रद्द झाले. तेव्हापासून पुढे सोन्याच्या अंबारीत राजाच्या जागी चामुंडेश्वरीची मूर्ती विराजमान होऊ लागली. राजा गेला, शमी राहिली.

शमीच का, याचे उत्तर विराटपर्वात आहे. अज्ञातवासाच्या वर्षी पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवली, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. परंतु तिचा उत्तरार्ध तितक्या आवर्जून सांगितला जात नाही. कौरवांनी गाई वळविल्यावर विराटाचा पुत्र उत्तर बृहन्नडेला सारथी करून निघतो, शत्रुसैन्य पाहून गळून जातो, आणि मग अर्जुन त्याला घेऊन शमीपाशी येतो. उत्तराजवळ धनुष्य नव्हते असे नाही. राजपुत्राचे, चांगल्या घडणीचे धनुष्य त्याच्यापाशी होते. अर्जुन म्हणतो, ते माझा जोर सोसणार नाही. उत्तर झाडावर चढतो, गाठोडे सोडतो, आणि झळाळणारी धनुष्ये पाहून एकेक विचारतो : हे कोणाचे, हे कोणाचे? अर्जुन उत्तर देतो : हे माझे, हे धर्मराजाचे, हे भीमाचे, हे नकुलाचे, हे सहदेवाचे. पाच भावांची पाच धनुष्ये निराळी होती. त्यांतले सर्वांत चांगले कोणते, हा प्रश्न उत्तरही विचारीत नाही.

ही कथा मला मागच्या खंडेनवमीला नव्याने आठवली, त्याला एक घरगुती कारण घडले. खंडेनवमीला कर्नाटकात आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी येथे लेथपासून रिक्षापर्यंत प्रत्येक साधनाला हळदकुंकू लागते, झेंडूची माळ पडते आणि कुंकू भरलेला कोहळा उंबऱ्याबाहेर फोडला जातो. अलीकडे संगणकांनाही गंध लावतात. त्या दिवशी माझी भाची आली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेऊन ती आता संगणकावर हालती चित्रे करते : जाहिरातींतील नाचती अक्षरे, शाळकरी मुलांसाठी छोटे बोधपट, एखाद्या चित्रपटाची श्रेयनामावली. हातातला जुना लॅपटॉप पुरेनासा झाला होता. डेस्कटॉप संगणक घ्यावयाचा होता; तीन दुकानदारांनी तीन यंत्रे सुचविली होती, आणि प्रत्येकाचे यंत्र आधीच्यापेक्षा महाग होते. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, पाटल्या गहाण ठेवावयास निघाली होती. "मामा," भाची म्हणाली, "यंत्रातलं तुम्हांला कळत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. आईच्या पाटल्यांचं काय करू ते सांगा."

इतिहास शिकविणाऱ्याला यंत्राची निवड सांगता येत नाही. परंतु चित्र हालते करण्याचा खटाटोप करणाऱ्यांनी आजवर साधन कसे निवडले आणि त्याची किंमत कशी मोजली, हे त्याला सांगता येते. तिच्यासाठी जे जुळवले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडीत आहे.

२

आरंभ दूर शोधावा लागत नाही. कर्नाटकात 'तोगलु गोंबेयाट' नावाचा चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आहे. बकऱ्याचे किंवा हरणाचे कातडे कमावून अर्धपारदर्शक करावयाचे, त्यावर आकृती कोरून रंगवावयाची, दागिन्यांच्या जागी बारीक छिद्रे पाडावयाची, आणि पडद्यामागे दिवा ठेवून ती नाचवावयाची, असा हा खेळ. तो करणाऱ्या समाजाला किळ्ळेक्यात किंवा शिळ्ळेक्यात म्हणतात. खेळातल्या विदूषकाचे नावही किळ्ळेक्यातच. आपल्या वाचकांना विशेष वाटावे असे पुढेच आहे : हे लोक घरात मराठीची एक बोली बोलतात आणि आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले असे सांगतात. खेळ कन्नडमध्ये, संसार मराठीत. तमिळनाडूत तोलुबोम्मलाट्टम करणाऱ्या घराण्यांचीही घरची भाषा मराठीच आहे आणि त्यांचा संबंध तंजावरच्या भोसले राज्याशी जोडला जातो. इकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी ही तिन्ही अंगे सांभाळून आहेत. चित्रकथीत बाहुली नसते; पोथीतले एकेक चित्र उचलून दाखवावयाचे आणि गात गात कथा पुढे न्यावयाची. चित्र स्थिरच असते, ते हालते ते निवेदनाने.

या लोकांच्या साधनाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. प्रत्येक बाहुलीचे सगळे अवयव सुटे नसतात. कित्येक कातडी तुकड्यांवर संपूर्ण प्रसंगच कोरलेला असतो : रथ, घोडे, सारथी, वर छत्र, त्यात एकही सांधा नसतो. ज्या पात्राला बोलावयाचे, लढावयाचे किंवा हसवावयाचे आहे, त्यालाच हात निराळा जोडलेला असतो. सांधा करणे म्हणजे श्रम, आणि सांधा वाढला की तो हालविणारा हातही वाढतो. म्हणून जेथे हालचालीतून अर्थ निघतो तेथेच तो खर्च करावयाचा. ही काटकसर त्यांना कोणी लिहून दिलेली नव्हती. कामाने ती शिकविली होती.

दिव्याचेही तसेच. तेलाच्या ज्योतीची थरथर पडद्यावर उमटे आणि स्थिर उभा असलेला रामही श्वास घेत आहे असे वाटे. पुढे विजेचा दिवा आला. तो अधिक लख्ख, अधिक सोयीचा, वाऱ्याने न विझणारा. पण त्याचा प्रकाश हालत नाही. नव्या साधनाने काय दिले ते ताबडतोब दिसते, काय नेले ते कळावयास वेळ लागतो.

खेळ पाहणारे कमी झाले, घराणी पांगली. बंगळूरच्या चित्रकला परिषदेचे संस्थापक एम. एस. नंजुंडराव यांनी या बाहुल्या गोळा करून अभ्यासल्या, म्हणून त्यांतील पुष्कळशा वाचल्या. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये आणि कोप्पळ जिल्ह्यातील मोरनाळच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सन्मान झाला तेव्हा भीमव्वांचे वय ९६ होते. संग्रहालयाने बाहुली राखली, ती नाचविणारा हात मात्र शंभरीला टेकल्यावर राष्ट्राच्या दृष्टीस पडला, हे आपल्या व्यवहाराला धरूनच झाले.

३

यानंतरचा टप्पा कल्याणात घडला. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी मदनराव पितळे यांच्या साहाय्याने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले आणि १८९२ पासून ते लोकांसमोर आणले. नाव ठेवले 'शांबरिक खरोलिका'. शंबरासुराच्या मायेची आठवण देणारे. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली चित्रे, त्यांमागे कंदील, समोर पांढरा पडदा. एकाऐवजी अधिक कंदील वापरून एक चित्र विरवत नेत त्यात दुसरे उगविण्याची हातोटी पटवर्धनांनी साधली होती आणि त्यामुळे पडद्यावर हालचालीचा भास होई. ल्युमिएर बंधूंची चित्रे जुलै १८९६ मध्ये मुंबईत वॅटसन हॉटेलात दाखविली गेली, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट आहे. चित्रांचे थर एकावर एक रचून प्रकाशाने ते मिसळावयाचे हे जे तंत्र, तेच आजच्या संगणकातील थरांच्या कामाचे पूर्वरूप होय.

आणि मग दादासाहेब फाळके. त्यांच्या कॅमेऱ्याची कथा ही आपल्या इतिहासातील साधननिवडीची सर्वांत बोलकी कथा आहे, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे.

फाळक्यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरी झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात. तेथे चित्रकला, छायाचित्रण, छपाईची तंत्रे, असे जे जे हाती लागले ते ते त्यांनी आत्मसात केले. जादूचे प्रयोगही केले. राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठी त्यांनी शिळाछापाचे काम केले. (याच रविवर्म्याने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत म्हैसूरच्या राजवाड्यासाठी पुराणप्रसंग रंगविले.) तिरंगी छपाईचे यंत्र आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीस जाऊन आले. म्हणजे चित्रपटाची कल्पना डोक्यात शिरण्यापूर्वी ते वीस वर्षे चित्राच्या प्रत्येक यंत्राशी झटलेले होते. मुंबईत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहून त्यांच्या मनाने घेतले की असाच आपला कृष्ण, आपला राम पडद्यावर दिसला पाहिजे. त्यांनी तत्काळ मोठे यंत्र मागविले नाही. लहानसहान खेळण्यातल्या कॅमेऱ्यावर, फितींच्या तुकड्यांवर आणि पुस्तकांवर रात्रंदिवस प्रयोग केले, इतके की काही काळ दृष्टी गेली. मग बारा हजारांच्या विम्यावर दहा हजार रुपये कर्ज काढले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले.

तेथे 'बायोस्कोप' या नियतकालिकाचे संपादक कॅबोर्न यांच्या दारात ते ओळखीवाचून गेले. कॅबोर्न यांनी प्रथम त्यांना परावृत्त केले : इंग्लंडातही चित्रपट काढणारे बुडत आहेत, आणि हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवणार नाही. फाळके हटले नाहीत, तेव्हा त्यांची सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली, आणि हेपवर्थ यांनी आपल्या स्टुडिओतील सर्व खाती त्यांना मोकळेपणाने दाखविली. या दोघांच्या सल्ल्याने फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला, कोडॅकची कोरी फिल्म नोंदविली आणि एक छिद्रे पाडण्याचे यंत्र घेतले.

या शेवटच्या वस्तूकडे माझ्या भाचीचे लक्ष मी मुद्दाम वेधले. कॅमेरा सर्वांना दिसतो. छिद्रयंत्र कोणाला आठवत नाही. परंतु त्या काळी फिल्म छिद्रांवाचून येई, आणि काठांवर अचूक अंतराने छिद्रे पडली नाहीत तर जगातला उत्तमातला उत्तम कॅमेराही ती पुढे सरकवू शकत नसे. हे काम अंधारात बसून सरस्वतीबाई फाळक्यांनी केले. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. त्याची लांबी सुमारे ३,७०० फूट होती; फुटाला सोळा चित्रे या हिशेबाने ती एकोणसाठ हजारांवर जातात. घरातील माणसांचा स्वयंपाक उरकून या गृहिणीने प्रत्येक चित्राची वाट छिद्राछिद्राने मोकळी केली. त्यांचे दागिनेही या उद्योगात गहाण पडले होते. भाचीच्या आईच्या पाटल्यांना आपल्या इतिहासात पूर्वपीठिका आहे ती अशी.

तरीही फाळक्यांनी एक सावधगिरी बाळगली होती. कॅमेरा आल्यावर त्यांनी एकदम हरिश्चंद्र हाती घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, आणि अंकुर फुटल्यापासून वेल वाढेपर्यंत ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपीत गेले. ती चिमुकली फीत पडद्यावर चढली तेव्हा काही आठवड्यांची वाढ क्षणांत झाली. 'अंकुराची वाढ' हे तिचे नाव. तिने दोन कामे केली : यंत्राची परीक्षा झाली आणि पुढचे भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या एकेक चित्रागणिक सरकवून 'आगकाड्यांची मौज' केली. आपल्याकडच्या ॲनिमेशनचा उगम शोधू पाहणारे या दोन फितींपाशीच येऊन थांबतात. दोहोंसाठी लागले होते तेच एक कॅमेरायंत्र, आणि अपार चिकाटी.

४

स्वातंत्र्यानंतर हे काम मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्र विभागाकडे आले. १९५६ मध्ये अमेरिकी तांत्रिक साहाय्याच्या योजनेतून डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स येथे शिकवावयास आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तुकडीने जातककथेवरील 'द बॅनियन डीअर' हा बोधपट १९५७ मध्ये पुरा केला, आणि त्याच तुकडीतून राम मोहन यांच्यासारखा पुढे साठ वर्षे या क्षेत्रात वावरणारा चित्रकार निघाला. विजया मुळे व भीमसेन यांचा 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा बोधपट तर दूरदर्शनमुळे घरोघरी पोहोचला. पारदर्शक पत्र्यांवर हाताने रेखाटने करावयाची, रंग भरावयाचे आणि कॅमेऱ्याखाली एकेक मांडून टिपावयाची, अशी ही पद्धत होती. साधन सरकारचे किंवा मोठ्या संस्थेचे. एकट्या माणसाच्या आवाक्यात ते नव्हते.

याच सुमारास दुसरीकडे संगणकाचा पडदा उजळत होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा संगणक सुरू झाला. आलेख दाखविण्यासाठी त्याला कॅथोड किरणांचा पडदा जोडलेला होता. अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये 'स्केचपॅड' सिद्ध केले आणि प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढता येते हे दाखविले. पण ही यंत्रे खोलीएवढी होती. पुढच्या तीस वर्षांत हे साधन खोलीतून मेजावर आले. १९८५ मध्ये अमिगा हा रंगीत चित्रांसाठी ख्यात झालेला घरगुती संगणक निघाला. भारतात १९८४ च्या संगणक-धोरणाने आयातीवरील बंधने सैल केली. १९९३ च्या आरंभी 'आफ्टर इफेक्ट्स' हा थरांवर थर रचून चित्र हालविणारा कार्यक्रम आला. पटवर्धनांचे कंदील आता एका पेटीत मावू लागले.

१९९५ मध्ये 'टॉय स्टोरी' आला. त्याच्या १,१४,२४० चित्रांची अखेरची घडण ११७ संगणक मिळून करीत होते आणि तिला यंत्रांचे आठ लाख तास लागले असे सांगतात. भागाकार केला तर एका चित्राला सरासरी सात तास पडतात. असे यंत्रांचे कळप ज्यांच्या दारी असतील त्यांनीच हा उद्योग करावा, अशी समजूत त्यातून रूढ झाली. तिला पहिला तडा २००२ मध्ये गेला. हॉलंडमधील टॉन रोझेनडाल यांचा 'ब्लेंडर' हा कार्यक्रम बंद पडू पाहत होता. तेव्हा वापरणाऱ्यांनी वर्गणी काढून सात आठवड्यांत एक लाख युरो जमविले, आणि तो सर्वांसाठी मुक्त झाला. याच ब्लेंडरवर लॅटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी 'फ्लो' हा निःशब्द चित्रपट केला. त्याची अखेरची घडण दिग्दर्शकाच्या स्वतःच्या संगणकावर झाली, आणि मार्च २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. त्याने चित्रांची शैलीच अशी योजिली होती की एकेक चित्र काही सेकंदांत सिद्ध व्हावे. किळ्ळेक्यातांनी सांधे मोजले, याने क्षण मोजले.

५

इतक्या इतिहासातून भाचीच्या प्रश्नाचे उत्तर काय निघते? प्रथम हे की 'चांगला संगणक कोणता' हा प्रश्नच अपुरा आहे. काम कोणते ते आधी सांगितले पाहिजे. हाताने एकेक चित्र रेखाटणाऱ्याला चांगली लेखणीपाटी आणि खरे रंग दाखविणारा पडदा हवा. त्याच्यासाठी प्रचंड प्रोसेसर हा अलंकार होय. त्रिमिती आकृती घडवून त्यांवर छायाप्रकाश पाडणाऱ्याला बलवान ग्राफिक्स कार्ड हवे, आणि त्या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत सगळा देखावा मावला पाहिजे. मावला नाही तर काम रखडते किंवा अडते. भाचीचे काम या दोहोंच्या मधले : अक्षरे, आकार, छायाचित्रे यांचे थर रचून ते हालविणे. त्याला काय लागते?

हा हिशेब आम्ही कागदावर मांडला. पडद्यावरील एका पूर्ण चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूस तीन रंगांचे व एक पारदर्शकतेचे असे चार बाइट. म्हणजे चित्रामागे सुमारे ८३ लाख बाइट. सेकंदाला पंचवीस चित्रे धरली तर वीस कोटींवर, आणि मिनिटाला सुमारे साडेबारा गिगाबाइट. रंगांची सूक्ष्मता दुप्पट केली की पंचवीस. आपण केलेली हालचाल न अडखळता पाहावयाची तर ही सगळी तयार चित्रे मेमरीत एकाच वेळी उभी राहावी लागतात. जुन्या लॅपटॉपची मेमरी १६ गिगाबाइट होती आणि तिच्यातला वाटा संगणक स्वतःसाठीही घेत होता. अडखळण्याचे कारण येथे होते. तिन्ही दुकानदारांनी मात्र उत्तरोत्तर महाग ग्राफिक्स कार्डे सुचविली होती. उत्तराच्या रथातले ते देखणे धनुष्य म्हणावयाचे ते हेच.

म्हणून ठरले ते असे. मेमरी ६४ गिगाबाइट, चार घरांपैकी दोन घरांत ३२-३२ अशी, म्हणजे उरलेली दोन वाढीसाठी मोकळी. प्रोसेसर मध्यम, पण एकेका गाभ्याचा वेग चांगला असलेला. कारण थरांच्या कामात कित्येक पायऱ्या एकामागून एकच कराव्या लागतात, तेथे गाभ्यांची नुसती संख्या उपयोगी पडत नाही. वेगवान एसएसडी दोन : एक संगणकाच्या स्वतःच्या व्यवहारासाठी, दुसरी तयार चित्रांच्या साठ्यासाठी. एसआरजीबी रंगपट्टा पूर्ण दाखविणारा पडदा. ग्राफिक्स कार्ड सध्या साधे. मात्र वीजपुरवठ्याची पेटी पुढचे मोठे कार्ड पेलेल अशी. आणि यूपीएस. हा शेवटचा खर्च तिला अनावश्यक वाटत होता. मी विचारले, एका चित्राला पाच मिनिटे लागली तर एका मिनिटाच्या चित्रपटाला किती? दीड हजार चित्रे, साडेसात हजार मिनिटे, म्हणजे सव्वाशे तास. पाच दिवस, पाच रात्री. त्यात वीज एकदा तरी जाणारच. यूपीएस हे तिचे छिद्रयंत्र होय : कोणाला न दिसणारे, आणि ज्यावाचून सगळे थांबते ते.

आणखी एक परीक्षा आम्ही दुकानातच करून पाहिली. 'श्री', 'ज्ञानेश्वर', 'दृष्टी' हे शब्द आणि त्यांच्याखाली काही कन्नड जोडाक्षरे टंकलिखित करून ती हालवून पाहिली. हालत्या अक्षरांच्या कित्येक कार्यक्रमांत आपली जोडाक्षरे तुटत, वेलांट्या भलत्या जागी जात, असा भाचीचा पूर्वीचा अनुभव होता. लॅटिन अक्षरांवर बेतलेले साधन आपल्या लिपीचा जोर सोसते की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. घरी मराठी बोलून बाहेर कन्नडमध्ये खेळ करणाऱ्यांच्या वाटेवर ही मुलगी चालते आहे; तिला दोन्ही लिपी धडधाकट हव्यात.

हे सगळे तिच्या साठविलेल्या पैशांत बसले. पाटल्या हातातच राहिल्या. फाळक्यांनी विमा गहाण टाकला तो वीस वर्षांची पूर्वतयारी पाठीशी असताना, आणि तरीही आधी वाटाणा पेरला. कर्ज काढू नये असे इतिहास सांगत नाही. वाटाण्याच्या आधी हरिश्चंद्र करू नये एवढे तो सांगतो. नव्या यंत्रावर तिने शाळांसाठी बोधपटांची एक मालिका केली, आणि तिच्या मिळकतीतून मोठे ग्राफिक्स कार्ड यंदाच्या खंडेनवमीपूर्वी घेतले. कोहळा फोडण्याचा मान माझ्या बहिणीकडे होता.

६

विजयादशमीच्या संध्याकाळी बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींचे संचलन होते. कन्नडमध्ये त्याला 'पंजिन कवायत' म्हणतात. दिवे मालवले जातात, आणि अंधारात शेकडो मशाली हातांहातांतून फिरू लागतात : वर्तुळे, फुले, अखेरीस अक्षरे. प्रत्येक मशाल म्हणजे एक बिंदू, प्रत्येक बिंदूखाली एक माणूस. याच मैदानावर २०२४ च्या दसऱ्यात चामुंडेश्वरी वीजपुरवठा निगमाने दीड हजार ड्रोन आकाशात उडवून प्रकाशचित्रे रेखाटली. पुढच्या वर्षी त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास गेली. त्या प्रत्येक दिव्याची वाट कोणीतरी आधी संगणकावर आखलेली असते : कोणत्या क्षणी कोठे, कोणत्या रंगात, शेजाऱ्याला न धडकता. पडद्यावरची हालती चित्रे पडदा सोडून शमीच्या माथ्यावर गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

आम्ही दोघे मागच्या वर्षी मशाली पाहावयास गेलो होतो. एक मोठे फूल उमलत होते. डावीकडच्या पाकळीत एका जवानाचा ताल चुकला. त्याची मशाल इतरांहून अर्धा ठोका मागे पडली, मग धावत जाऊन रांगेला मिळाली. पाकळी क्षणभर थरथरली. मला वाटले, हे कोणाच्या ध्यानात आले नसेल. भाचीने मात्र माझा हात धरला. "मामा, ते पाहिलंत?" ती म्हणाली. "माझ्या चित्रांत हेच नसतं. सगळे बिंदू वेळेवर पोहोचतात." परत येताना रस्ताभर ती गप्प होती. बन्नीमंटपाच्या चौकात एक म्हातारी शमीच्या डहाळ्या विकीत बसली होती. तिच्याकडून एक डहाळी घेऊन भाचीने ती पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर ती संगणकाच्या पेटीवर होती आणि पडद्यावर तेलाच्या दिव्याची एक ज्योत, एकेक चित्र करीत, वेडीवाकडी हालत होती.